बेसबॉल: झेप चुकलेला थर्ड बेसमन रनरच्या वाटेत: ऑब्स्ट्रक्शन (फील्डरनं रनरची वाट अडवल्याचा दोष) द्यायचं का?

शाहूपुरीकर: रविवारी तपोवन मैदानावर सराव सामना होता. सेकंड बेसवर रनर. ग्राउंडर (जमिनीलगत मारलेला चेंडू) आला, थर्ड बेसमननं, म्हणजे तिसऱ्या बेसजवळच्या फील्डरनं, डावीकडं झेप टाकली, चेंडू ग्लोव्हजखालनं निसटून लेफ्ट फील्डला गेला. पोरगं तिथंच आडवं. रनर त्याच्या पायाला अडखळून तोंडावर पडला, उठून पळाला आणि होमच्या (शेवटचा बेस, तिथं पोचलं की रन) दोन पावलं अलीकडं टॅग झाला, म्हणजे अंगाला चेंडू लावून बाद केला. अंपायरनी ऑब्स्ट्रक्शन देऊन रन मोजला. माझ्या मते शंभर टक्के बरोबर.

पेठेतला पिचर: भावा, झेप टाकलेल्या पोरानं जायचं कुठं? मुद्दाम पाय घातला असता तर मीच आरडाओरडा केला असता. जीव तोडून फील्डिंग करणाऱ्याला ही शिक्षा व्हय?

शाहूपुरीकर: नियम हेतू बघतच नाही. चेंडू हातात नाही, अडवायचं कामही संपलं, मग वाट रनरची. नियमाच्या खुलाशात हेच उदाहरण दिलंय. 2013 च्या वर्ल्ड सिरीजची (अमेरिकेतल्या लीगची अंतिम मालिका) तिसरी मॅच आठव. नवव्या इनिंगला सेंट लुईसचा ॲलन क्रेग थर्डवर बोस्टनच्या थर्ड बेसमनला, मिडलब्रुक्सला, अडखळला, होमला टॅगही झाला, तरी रन मिळाला आणि बोस्टन 5-4 हरलं. मिडलब्रुक्सही थ्रोसाठी झेपावूनच पडला होता.

कॅचर काका: पोरांनो, ऑब्स्ट्रक्शन मलाही मान्य आहे. पण होम आपोआप मिळत नाही. अडथळा झाला तेव्हा त्या रनरला बाद करायची हालचाल चालू असेल, तर खेळ तिथंच थांबतो आणि किमान पुढचा बेस मिळतोच. इथं चेंडू आउटफिल्डला होता. म्हणजे खेळ चालू ठेवायचा आणि शेवटी ठरवायचं, पडला नसता तर पोचला असता का? दहा पावलांनी बाद असता तर आउटच.

शाहूपुरीकर: काका, अंतर दोनच पावलांचं होतं. पडून उठण्यात त्याहून कितीतरी जास्त गेलं.

पेठेतला पिचर: रनरवर काहीच बंधन नाही? मे 2024 मध्ये शिकागोत इनफील्ड फ्लायला (बेसच्या आसपास उंच उडालेला सोपा झेल) रनर शॉर्टस्टॉपच्या (सेकंड-थर्डमधला फील्डर) आड आला म्हणून त्यालाच आउट दिलं, मॅच तिथंच संपली.

कॅचर काका: तिथं शॉर्टस्टॉप झेल घ्यायला निघाला होता. मारलेला चेंडू घेणाऱ्याला रनरनंच वाट द्यायची. तुमच्या पोराचा चेंडू केव्हाच मागं गेला होता.

पेठेतला पिचर: मग बाहेरनं वळायला जागा होती की! सरळ रेषेतनंच कशाला आला?

कॅचर काका: टॅग करायला कुणी येईपर्यंत रनरला रेषेचं बंधन नसतं. कुठनं पळायचं ते त्यानं ठरवायचं.