ठाण्याच्या तलावांना दगडी भिंती हव्यात का?

मातीचा काठ: ठाण्यात सुमारे ३५ तलाव उरलेत. त्यांतल्या मासुंदा, कचराळीसारख्या तलावांभोवती आता सरळ उभी भिंत, वर पायवाट आणि दिवे. याला आपण सुशोभीकरण म्हणतो. माझं मत स्पष्ट आहे, या भिंतींनी तलावाचा सगळ्यात जिवंत भाग नाहीसा होतो. घोट्यापासून कमरेपर्यंतच्या पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं. तिथेच लव्हाळा आणि पाणकणीस वाढतं, बेडूक अंडी घालतात, चतुरांच्या (ड्रॅगनफ्लायच्या) अळ्या शिकार करतात, मरळ आपल्या पिल्लांवर पहारा देते. पाणकोंबडीला लपायला झुडपं लागतात. भिंतीवर पाणकावळा बसेल, पाणकोंबडी नाही. यापुढे कुठल्याही तलावाची एक बाजू तरी उतरती आणि मातीची ठेवावी.

रोजचा फेरा: अजिबात पटलं नाही. उघडा काठ म्हणजे भराव टाकायला आमंत्रण. आधी राडारोडा, मग पत्र्याची शेड, मग पक्कं बांधकाम. शहरातले किती तलाव असेच बुजले, ते जुन्या ठाणेकरांना विचारा. भिंत झाली की तलावाची हद्द ठरते. आणि ज्येष्ठ नागरिक, लहान मुलं यांना संध्याकाळी चालायला दुसरी जागा कुठे आहे? शिवाय गवत वाढलं की डास. डेंग्यूचा ताप घरात आला की चतुरांच्या अळ्या आठवत नाहीत.

मातीचा काठ: काका, डेंग्यूचा डास तलावात नाही, आपल्या घरात वाढतो. कुंडीखालची ताटली, गच्चीवरचा टायर, झाकण नसलेलं पिंप. गटारातल्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स. मासे आणि चतुर असलेल्या तलावात डासांच्या अळ्या फार टिकत नाहीत.

घोडबंदर_नीता: हे अर्धंच खरं आहे, दादा. जलपर्णीचा थर दाट झाला की माशांना आत शिरता येत नाही, आणि मॅन्सोनिया डासाच्या अळ्या तर पाणवनस्पतींच्या मुळांना चिकटूनच श्वास घेतात. मोकळा काठ ठेवा, पण तो राखायला माणूस आणि पैसाही ठेवा.

सांडपाणी आधी: काठ आणि भिंत यावर भांडताना मुख्य गोष्ट सुटतेय. तलाव मरतो तो त्यात येणाऱ्या फॉस्फरसमुळे. १९७३ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओत एका सरोवराचे पडदा टाकून दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातला, दुसऱ्यात त्याच दोन्हींसोबत फॉस्फरसही. फॉस्फरसचा भाग थोड्याच काळात हिरवागार झाला. एक ग्रॅम फॉस्फरसवर साधारण शंभर ग्रॅम कोरडं शेवाळ तयार होऊ शकतं. शौचालयाचं पाणी, डिटर्जंट आणि विसर्जित निर्माल्य, तिन्हींतून तो येतो. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तोच खातं. म्हणून मासे पहाटे वर येऊन तोंड उघडतात. तीस अंशांच्या पाण्यात मुळातच लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, त्यात ही रात्रीची ओढ. काठ कितीही मातीचा करा, नाला तलावात येत असेल तर उपयोग शून्य.

आणि हो, काढलेली जलपर्णी काठावरच कुजू देऊ नका. तिच्यातला फॉस्फरस पहिल्या पावसात परत पाण्यात जातो.

रोजचा फेरा: हे पटलं. पण मग आमच्या तलावात मासे भरपूर कसे? दर रविवारी गळ टाकणारे रिकाम्या हाताने परतत नाहीत.

सांडपाणी आधी: कोणते मासे, ते बघा. रोहू-कटला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणजे ते मत्स्यबीज आणून सोडलेले. तिलापिया बऱ्याच घाण पाण्यातही तगतो, मरळ तर पृष्ठभागावर येऊन हवाच घेते. या माशांच्या संख्येवरून पाणी चांगलं ठरत नाही.

मातीचा काठ: सांडपाण्याबद्दल वाद नाहीच, ते आधी अडवा. पण उतरत्या काठावरच्या वनस्पती पावसाबरोबर रस्त्यावरून येणारा गाळ अडवतात, भिंतीतलं भोक तो सरळ आत सोडतं. २०१७ च्या पाणथळ नियमांनुसार अधिसूचित पाणथळीच्या पूररेषेपासून ५० मीटरमध्ये पक्कं बांधकाम करता येत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी वगैरे खास बांधलेले तलाव त्यातून वगळलेत, म्हणून आपल्या शहरातल्या तलावांची अधिसूचना नक्की कशी होते यावर नागरिकांनी लक्ष ठेवायला हवं. भरावाची भीती रास्त आहे, काका. त्यावर उपाय म्हणजे कुंपण, काठापासून दहा मीटर मागे.

रोजचा फेरा: मासुंद्याला दहा मीटर कुठून आणणार? चारी बाजूंनी रस्ता आहे. तिथे भिंत राहणारच. उपवन तलावाला येऊरच्या डोंगराच्या बाजूने जागा निघत असेल तर करून बघा, मी विरोध करणार नाही. पण कुंपणाच्या देखभालीची तरतूद कागदावर दाखवल्याशिवाय माझा पाठिंबा मिळणार नाही.