ओपीजीत काळी पोकळी दिसली, दोन डॉक्टर, दोन नावं. नक्की कसली सिस्ट?

तिसरी_दाढ

वरच्या दाढेतलं सिमेंट पडलं म्हणून गेले होते. डॉक्टर म्हणाले, आलाच आहात तर सगळेच दात बघून घेऊ, आणि ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याचा एक्स-रे फोटो, काढला. सिमेंटचा विषय तिथेच संपला. खालच्या डाव्या बाजूला माझी अक्कलदाढ हाडात आडवी पडून आहे, हे मला माहीतच नव्हतं. तिच्याभोवती काळी पोकळी, कडेला पेन्सिलीने गिरवल्यासारखी बारीक पांढरी रेघ. पोकळी दाढेपाशी थांबत नाही, मागे जबड्याच्या उभ्या भागात कानाच्या दिशेने चढलीये. लांबी साधारण साडेतीन सेंटिमीटर.

वय ३४. दुखत नाही, गाल सुजलेला नाही, चावताना काही जाणवत नाही. फोटो काढला नसता तर कळलंही नसतं.

पहिले डॉक्टर म्हणाले, डेंटिजेरस सिस्ट, दाढ आणि पिशवी एकदमच काढून टाकू. दुसऱ्या म्हणाल्या, केराटोसिस्टही असू शकते, आधी तुकडा तपासू. मी हिशेब तपासायचं काम करते. एकाच वहीतून दोन बेरजा निघाल्या की मला झोप लागत नाही.

त्यात घरच्यांची भर. आतेभावाला वरच्या पुढच्या दाताच्या टोकाशी सिस्ट होती, रूट कॅनाल केलं आणि वर्षभरात हाड भरून आलं. मग माझं तसं का नाही, असं सगळे विचारतात. भाचीच्या खालच्या ओठावर आत निळसर फोड आहे, तिलाही सिस्टच सांगितलंय. सगळ्यालाच सिस्ट म्हणणार असतील तर त्या शब्दातून कळायचं काय?


खुर्चीमागे

डेंटिस्ट आहे. आधी आतेभाऊ. दात किडतो किंवा मार बसतो, आतली नस मरते, जंतू मुळाच्या टोकातून बाहेर हाडात येतात. तिथे शरीराची जी झटापट चालते त्यातून मुळाच्या टोकाला पिशवी धरते. ही रॅडिक्युलर सिस्ट, जबड्यात सगळ्यात जास्त हीच सापडते, आणि वरच्या पुढच्या दातांना जास्त. कारण मुळाच्या आत आहे, म्हणून रूट कॅनाल करून ते साफ केलं की लहानसहान पोकळी बऱ्याचदा आपली आपण भरते. मोठी असेल तर कापावं लागतं. दात काढला पण पिशवी मागे राहिली तर ती दाताशिवायही हाडात बसून राहते. तसं बघितलं तर त्याची सिस्टच होती हेही छातीठोक सांगता येणार नाही, ग्रॅन्युलोमा, म्हणजे पिशवी नसलेली सुजेची गाठ, फोटोत हुबेहूब तशीच दिसते.

तुमच्या दाढेची नस मेलेली नाही, ती दाढ अजून तोंडात आलेलीच नाही. तिचं रूट कॅनाल करणार कुठून? शेजारच्या दाढेला थंड लावून बघितलं का? ती जिवंत असेल तर तो मार्ग बंद.

माझा अंदाज डेंटिजेरस. न उगवलेली दाढ आणि तिच्याभोवती पोकळी, दहातल्या बहुतेक वेळा तेच निघतं.


स्लाइडवाली

खुर्चीमागे, तुमच्या अंदाजावर मी पैज लावणार नाही, विरुद्धही लावणार नाही. वीस वर्षं मी तोंडातल्या गाठींचे तुकडे मायक्रोस्कोपखाली बघतेय. बरणीवर 'डेंटिजेरस' लिहून आलेलं आणि आत भलतंच निघालेलं इतकं बघितलंय की बरणीवरची चिठ्ठी मी आता शेवटी वाचते.

ताई, तुमचा शब्दाबद्दलचा प्रश्न रास्त आहे. सिस्ट म्हणजे फक्त 'आतून अस्तर असलेली, द्रवाने भरलेली पिशवी'. पिशवीचं अस्तर कुठून आलं हा खरा प्रश्न. आणि अशा पिशव्या इतर हाडांपेक्षा जबड्यातच जास्त का होतात याचं उत्तरही त्यातच आहे. दात तयार होताना वरची त्वचा हाडात खोल शिरते, दात घडवते आणि मग विरून जाते. पण पूर्ण विरत नाही. मुळांभोवती तिचे बारीक पुंजके उरतात, मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव आहे त्यांना. हिरडीत आणि हाडात आणखी वेगळे पुंजके उरतात. न उगवलेल्या दाताच्या डोक्यावर तर तिची टोपीच असते. मांडीच्या हाडात असलं काही नसतं. जबडा म्हणजे काम संपल्यावर गवंड्यांनी सामान आतच टाकून भिंत लिंपलेलं घर आहे.

मुळाभोवतीचा पुंजका जंतूंमुळे चाळवला की आतेभावाची सिस्ट. दाताच्या डोक्यावरची टोपी आणि दात यांच्यात पाणी साठलं की डेंटिजेरस. तिची खूण अशी की पिशवी दाताच्या मानेला, म्हणजे डोकं संपून मूळ सुरू होतं तिथे, चिकटलेली असते आणि दाताचं डोकं आत तरंगत असतं. खालची अक्कलदाढ आणि वरचा सुळा या तिच्या आवडत्या जागा. लहान मुलांत हाच प्रकार हिरडीखाली झाला की दात यायच्या जागी निळसर टेंगूळ दिसतं. त्याला बहुधा हात लावावा लागत नाही, दात स्वतःच फोडून बाहेर येतो.

तिसरे पुंजके दात घडवणाऱ्या पट्टीचे. त्यांतून केराटोसिस्ट होते, आणि तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांना तीच शंका आहे. ती न उगवलेल्या दाताला बाजूने मिठी मारून बसते आणि फोटोत डेंटिजेरससारखीच दिसते. फरक तिच्या वागण्यात. बाकीच्या सिस्टमध्ये आतल्या द्रवाचा दाब वाढतो, पिशवी फुग्यासारखी चहूकडे फुगते, हाड पातळ होतं, दाबलं तर अंड्याच्या टरफलासारखं करकरतं. केराटोसिस्टचं अस्तर स्वतःच वाढत राहतं. ती हाडाच्या पोकळ मगजातून लांबीच्या दिशेने सरकते, गाल सुजत नाही, म्हणून रुग्णाला पत्ताच लागत नाही. पोकळी मागे उभ्या भागात चढलीये आणि बाहेर सूज शून्य, हे तुमच्या पोस्टमधलं वाक्य वाचून मी खुर्चीत सरळ बसले.

सिद्ध मात्र काहीच होत नाही हं. निदान स्लाइडवर होतं. केराटोसिस्टचं अस्तर पाच ते आठ पेशी जाडीचं, वर केराटिनचा, म्हणजे केस-नखांत असतं त्या पदार्थाचा, नागमोडी थर, तळाच्या पेशी कुंपणाच्या खांबांसारख्या एका ओळीत उभ्या. एकदा बघितलं की विसरत नाही. मात्र जंतू शिरून तिथे सूज आली असेल तर हेच अस्तर जाड, बेढब होतं आणि ओळखू येत नाही. म्हणून तुकडा कुठून आणि कधी घेतला हे महत्त्वाचं.

नावाचा घोळही तुम्हाला नेटवर दिसेल. केराटोसिस्ट हे नाव १९५६ सालचं. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला ट्यूमर ठरवलं, नाव बदललं. २०१७ मध्ये परत सिस्टच्या रांगेत आणून बसवलं. बारा वर्षं आम्ही रिपोर्टवर एक नाव लिहीत होतो आणि कंसात दुसरं. त्यामुळे जुन्या लेखात 'ट्यूमर' वाचून घाबरू नका.

एक विनवणी. जे काही निघेल ते सगळं फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तुकडा सडू न देणाऱ्या द्रावणात, लॅबला जाऊ द्या. एकदा माझ्याकडे मोठ्या सिस्टचं प्रकरण आलं, बरणीत नुसती दाढ. पिशवी कुठेय विचारलं तर म्हणे, फाटली म्हणून टाकली. मी त्या दाढेवर काय लिहायचं, 'दात आढळला'? दुसऱ्या एका ठिकाणाहून सलाइनमध्ये आलं होतं, चार दिवसांनी. उघडल्यावर वासावरूनच कळलं की आता काही दिसणार नाही.


एकदाच_नाही

माझी केराटोसिस्ट होती. खालचा जबडा, उजवी बाजू. पहिल्या ऑपरेशनमध्ये खरवडून काढली, सगळं छान, टाके निघाले, मी विसरलो. चार वर्षांनी दुसऱ्याच कारणाने फोटो काढला तर परत तिथेच. सर्जननी समजावलं की हिचं अस्तर ओल्या टिश्यू पेपरसारखं असतं, काढताना फाटतं, चिंधी राहिली की त्यातून पुन्हा. शिवाय मुख्य पिशवीच्या भिंतीत बारीक पिल्लं असतात.

दुसऱ्या वेळी वेगळं केलं. आधी भोक पाडून नळी बसवली, म्हणजे दाब निघून जातो आणि पोकळी हळूहळू आक्रसते. नऊ महिने रोज दोनदा त्या नळीतून सिरिंजने आत पाणी मारून धुवायचं. पहिले आठ दिवस किळस आली, मग दात घासण्यासारखं झालं. पोकळी निम्म्याहून लहान झाली, जबड्यातून ओठाकडे जाणाऱ्या नसेपासून लांब आली, तेव्हा उरलेली काढली आणि कडेचं हाडही थोडं घासून घेतलं. खालचा ओठ पाच महिने बधिर होता. दाढी करताना कापलं तरी आरशात रक्त बघूनच कळायचं.

आता दर वर्षी ओपीजी. कंटाळा येतो, पण जातो.


तिसरी_दाढ

स्लाइडवालीताई, गवंड्यांचं उदाहरण आईला वाचून दाखवलं, तिला एकदम पटलं. शेजारची दाढ जिवंत आहे, थंड लावल्यावर मी उडालेच. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, करायला सांगितलंय आणि सुईने आतलं पाणी काढून बघणार आहेत. कॅन्सर हा शब्द कोणीच उच्चारत नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटते. आणि भाचीचं राहिलंच.


खुर्चीमागे

भाचीचं सोपं. ओठ चावला जातो, लाळेची बारीक नळी तुटते, लाळ बाहेर न पडता मांसात साठते. म्युकोसील. अस्तरच नसतं म्हणून नियमाने ती सिस्ट नाहीच, पण बोलताना सगळे तसंच म्हणतात. फुटते, बसते, परत येते. परत परत आली तर खालच्या लाळग्रंथीसकट काढतात. हेच जिभेखाली झालं तर रॅन्युला, लॅटिनमध्ये छोटी बेडकी, कारण ते खरंच बेडकाच्या पोटासारखं दिसतं.

फोटोवर किती भरवसा ठेवायचा त्याचा माझा किस्सा. शिकत असताना एका काकांच्या ओपीजीत जबड्याच्या कोनाजवळ सुंदर अंडाकृती काळी खूण दिसली. मी सिस्ट म्हणून सांगून मोकळा, काका दोन दिवस जेवले नाहीत. सरांनी फोटोवर नुसतं बोट फिरवलं, नसेची नळी दाखवली. खूण नळीच्या खाली होती. स्टाफ्ने नावाच्या डेंटिस्टनी १९४२ मध्ये लिहून ठेवलेली जागा, लाळग्रंथीमुळे हाडाला आतल्या बाजूने पडलेला खळगा. रोग नाहीच. काकांची माफी मागायला मलाच पाठवलं.


स्लाइडवाली

तो खळगा सगळ्यांना एकदा तरी फसवतो. मला राग येतो तो टाळूच्या पुढच्या सिस्टचा. वरच्या मधल्या दोन पटाशीच्या दातांमागे, नाक-टाळूच्या जुन्या नळीच्या उरलेल्या अस्तरातून होते, फोटोत पत्त्यातल्या बदामासारखी दिसते. दातांचा काहीच संबंध नसतो. तरी दोन धडधाकट दातांचं रूट कॅनाल करून मग पिशवी माझ्याकडे आलेली मी बघितलीये. थंड लावून बघायला एक मिनिट लागतं हो.

ताई, कॅन्सरबद्दल. सिस्टच्या अस्तरात कॅन्सर होतो, पण फार विरळा. मी तुकड्यात जास्त शोधते ते अमेलोब्लास्टोमा, दात घडवणाऱ्या पेशींचा ट्यूमर. तो बहुधा साधाच, म्हणजे कॅन्सर नसलेला, असतो, पण हाड खात पसरतो, आणि त्याचा एक प्रकार एकाच पिशवीच्या रूपात, तरुण वयात, अक्कलदाढेभोवतीच बसतो. फोटोत डेंटिजेरसची कार्बन कॉपी. तुकडा तपासायचा म्हणतात तो यासाठीही. सीबीसीटीत शेजारच्या दाढेची मुळं कुरतडलेली आहेत का ते विचारा.

आणि पाणी काढतील तेव्हा रंग बघून ठेवा. फिकट पिवळं, उजेडात चमचमणारं असेल तर ते कोलेस्टेरॉलचे स्फटिक, साध्या सिस्टमध्ये सापडतात. घट्ट, पांढुरकं, ओल्या खडूच्या लगद्यासारखं असेल तर केराटिन.


तिसरी_दाढ

तीन आठवड्यांनी येतेय. सुई जाड घ्यावी लागली. ओल्या खडूचा लगदा. डॉक्टर काही बोलायच्या आत मीच म्हणाले, केराटिन का, तर त्या बघतच राहिल्या.

मुळं शाबूत आहेत. तुकड्याचा रिपोर्ट काल आला. 'ओडोंटोजेनिक केराटोसिस्ट', अस्तर सहा पेशींचं, सूज नाही. खुर्चीमागे, तुमची पैज गेली. खाली नस अगदी चिकटून असल्यामुळे आधी नळी बसवणार आहेत, मग सहा-आठ महिन्यांनी बघू म्हणाल्या.


स्लाइडवाली

सूज नसताना तुकडा मिळाला, छान झालं. जबड्यात ही एकच आहे ना? एकापेक्षा जास्त असत्या किंवा वय कमी असतं तर गॉर्लिन सिंड्रोम हा आनुवंशिक आजार तपासावा लागतो. तळहातांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे, छातीच्या फोटोत दुभंगलेली बरगडी, त्वचेवर विशिष्ट गाठी. डॉक्टरांना विचारून घ्या.


तिसरी_दाढ

एकच आहे. डॉक्टरांनी तळहात बघितले, छातीचा फोटोही काढला, काही नाही. घरी येऊन मी आईचे, भाचीचे, आतेभावाचे सगळ्यांचे तळहात दिव्याखाली धरून बघितले. आतेभाऊ म्हणाला, भविष्य सांगणार आहेस का.

एकदाच_नाही, नळी मंगळवारी. सिरिंज किती एमएलची घेतलीत?


एकदाच_नाही

वीसची. दहाची घेतलीत तर एका वेळी चारदा भरत बसाल. टोक वाकडं आणि बोथट असलेली मागा, सरळ सुई मागे पोचत नाही. आणि पहिल्या दिवशी आरशासमोर करू नका, बेसिनवर वाकून करा. आरसा मला पुसावा लागला होता.