दुकानात उभं राहून काढलेलं वर्ष : तुमचेही अनुभव लिहा

पोह्यांवर_खोबरं

काल रात्री नवऱ्याबरोबर महिन्याचा किराणा भरायला गेले होते. आट्याच्या रांगेत एक मुलगा गुडघ्यांवर बसून खालच्या फळीवरच्या पिशव्या पुढे ओढत होता, गळ्यात ट्रेनीचं कार्ड. मला राहवलं नाही. म्हटलं, "जुनी तारीख पुढे घे रे." तो वर न बघताच म्हणाला, "घेतलीये मॅडम." नवरा गाडीत बसेपर्यंत हसत होता.

मी बी.व्होक. (हाताला काम शिकवणारी पदवी) रिटेल मॅनेजमेंट केलंय. त्यातलं शेवटचं वर्ष अख्खं दुकानात काढायचं होतं. जून 2019 ते जून 2020, ठाण्यातलं एक सुपरमार्केट. नाव लिहीत नाही, कारण आता लिहिणार आहे ते फारसं गोड नाही.

कॉलेजात आम्हाला मर्चंडायझिंग, कस्टमर एंगेजमेंट असं बरंच काही शिकवलं होतं. दुकानात गेल्यावर पहिले कितीतरी दिवस एकच काम, फेसिंग. फळीवरचा माल काठापर्यंत ओढायचा, लेबल गिऱ्हाइकाकडे, पुढची रांग भिंतीसारखी सरळ. मागे रिकामं असलं तरी समोरून भरलेलं दिसलं पाहिजे. एक बे, म्हणजे फळ्यांचा एक कप्पा, संपवून पुढे जावं, तर पहिल्या बेमधून कुणीतरी मधलंच पाकीट उपसून नेलेलं असायचं.

आत शिरताना वहीत नाव, वेळ आणि खिशात किती पैसे आहेत ते लिहायचं. खिशात म्हणजे पर्समध्ये, कारण युनिफॉर्मचे खिसे शिवून बंद केलेले. बाहेर पडताना पिशवी उलटी करून दाखवायची. पहिल्या दिवशी मी वहीत "40 रु." लिहिलं, तर सिक्युरिटीच्या काकांनी हळूच विचारलं, "परत जायला पुरतील ना पोरी?"

खरं शिक्षण झालं ते लूज सेक्शनला. तिथल्या काकू सातवीपर्यंत शिकलेल्या. तूरडाळ मुठीत घट्ट धरून सोडायच्या. हाताला दाणे चिकटून राहिले की म्हणायच्या, "ओल धरली. आज काढून टाक, नाहीतर चार दिवसांत जाळी होईल." आमच्या पुस्तकात श्रिंकेजवर, म्हणजे खराब होऊन किंवा चोरीने घटणाऱ्या मालावर, एक पूर्ण प्रकरण होतं. त्यात ही मूठ कुठेच नव्हती.

मला सगळ्यात जास्त काय टोचलं, तर ते अधांतरी असणं. गणपतीची सुट्टी मागितली की दुकान म्हणायचं कॉलेजला विचारा, कॉलेज म्हणायचं दुकानाला विचारा. 1961 च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याप्रमाणे आम्ही कामगार नव्हे, शिकाऊ. पण शिकवायचं कुणी हे कुणाच्याच ड्यूटी चार्टवर नव्हतं. दिवाळीच्या मालाचे ट्रक रात्री उशिरा लागायचे तेव्हा मात्र आम्ही एकदम "आपला स्टाफ" व्हायचो.

लॉकडाऊनचं नंतर लिहिते, कुकर झालाय. तुमच्यापैकी कुणी, किंवा घरातल्या मुलांनी, असं वर्ष काढलंय का? लिहा.

तिसरी_शिफ्ट

खिसे शिवलेले!! आमच्याकडेही. रुमाल ठेवायला जागा नाही. सर्दी झाली की बाहीला.

चिंचगूळ

ईईई तिसरी, जेवत होते मी.

बाबा_लेकीचा

अगदी वेळेवर धागा काढलात. मुलीला याच जूनपासून वर्षभर जायचंय. स्टायपेंड किती मिळतो हल्ली? आणि पी.एफ. वगैरे?

तिसरी_शिफ्ट

@बाबा, पी.एफ. नाही, अ‍ॅप्रेंटिस आहे ना ती. 2019 च्या नियमांत कमीत कमी आकडे ठरलेले होते, बारावीवाल्याला 7 हजार, पदवी झालेल्याला 9 हजार. त्यानंतर काय बदललं ते सरकारच्या अ‍ॅप्रेंटिसशिप पोर्टलवर बघून घ्या. करार पोर्टलवर नोंदवलाय ना ते आधी बघा!!! नुसतं कॉलेजचं पत्र घेऊन पाठवू नका. आमच्या बॅचमधल्या दोघांची नोंदच केली नव्हती, वर्ष संपल्यावर सर्टिफिकेटसाठी फिरत बसले.

आणि हो, बूट. अर्धा नंबर मोठे घ्या, संध्याकाळपर्यंत पाय सुजतात.

कोडोलीकर

बुटाचं खरं हाय. माझा भाचा पुण्यात होता वर्षभर. सुट्टीला आला की पयलं काय, गरम पाण्यात मीठ टाकून पाय सोडून बसायचा. आई म्हणायची शेतात तरी सावलीला बसता येतं रं.

आमच्याकडं वारणा बाजार हाय, सहकारी दुकान, बारक्या गावातबी शाखा. तिथं दुकानात सगळी ओळखीची, त्यामुळं कुणी अंगावर वरडत नाही. वरडलं तर संध्याकाळी त्याच्या घरी कळतंय.

साडेतीन_टक्के

बसण्यावरून आठवलं. केरळात दुकानात काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यावी हे 2018 पासून कायद्यात आहे. कोझिकोडच्या कापडदुकानांतल्या बायकांनी वर्षानुवर्षं भांडून मिळवलेलं. तमिळनाडूने 2021 साली केलं. आपल्याकडे मॉलमध्ये कॅशवरच्या मुलीला स्टूल मागितलं तर "गिऱ्हाइकाला आळशी दिसतं" असं उत्तर मी स्वतः ऐकलंय. गिऱ्हाइकाला विचारलं होतं का पण? मला तर उभी राहून पाय बदलत बिल करणारी मुलगी बघवत नाही.

ऱ्हाइनकाठचा

जर्मनीत कॅशवरचे लोक बसूनच असतात. मी मास्टर्स करताना एका डिस्काउंट सुपरमार्केटमध्ये होतो, आठवड्यातून दोन दिवस. तेव्हा आम्हा परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला 120 पूर्ण दिवसच काम करता यायचं, 2024 पासून 140 झालेत.

पण बसून असतात म्हणजे आराम नाही हां. माल इतक्या वेगात सरकवायचा की गिऱ्हाईक घामाघूम. भाज्यांचे नंबर पाठ असावे लागतात. केळी 4011. अजून झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पाठ नसेल तर मागची आजी आवाज चढवून सांगते.

माझ्याबरोबर अठरा वर्षांची एक मुलगी होती, ती हाच धंदा रीतसर शिकत होती. विक्रेत्याचा कोर्स दोन वर्षांचा, पुढचा हवा तर तीन. आठवड्यातले काही दिवस दुकान, काही दिवस व्यवसायशाळा, शेवटी परीक्षा. शाळेच्या दिवशी मॅनेजरने तिला बोलावलेलं मी कधी पाहिलं नाही. धागाकर्तीने "शिकवायचं कुणी" लिहिलंय ते वाचून तीच आठवली. तिच्या बाबतीत ते कागदावर लिहिलेलं होतं, नावासकट.

चिंचगूळ

आणि रविवारी दुकानं बंद! भाऊ तिकडे आहे, शनिवारी संध्याकाळी दूध आणायचं विसरला की आम्हाला फोन करून रडतो. जसं काही आम्ही इथून पाठवणार.

ऱ्हाइनकाठचा

त्याला सांगा मोठ्या स्टेशनावरची दुकानं उघडी असतात. महाग पडेल पण रडू थांबेल.

निवृत्त_नायगावकर

आमच्या वेळी 'प्लेसमेंट' हा शब्द नव्हता, 'चिकटवला' म्हणत. नायगावात 1948 साली सुरू झालेलं अपना बाजार आमच्या घरापासून दोन मिनिटांवर. गिरणीतल्या माणसांनी उभं केलेलं सहकारी दुकान. बारावीनंतर वर्षभर मी तिथे सुट्टीच्या बदल्यांवर जात असे. तेव्हा गिऱ्हाइकाने स्वतः माल उचलायचा हे लोकांना पचत नसे. आजीबाई काउंटरपाशी उभ्या राहून यादी वाचायच्या आणि आम्ही आणून द्यायचं. एक आजी रोज पाव किलो साखर न्यायच्या. एकदम का नेत नाही विचारलं, तर म्हणाल्या, "मग उद्या कशाला येऊ?"

काट्याचं सांगून ठेवतो. वैधमापनवाल्यांचा शिक्का चालू वर्षाचा आहे का बघायची सवय तिथे लागली, ती अजून सुटलेली नाही. भाजीवाले वैतागतात.

पोह्यांवर_खोबरं

नायगावकर काका, आजी भारीच!

हां, लॉकडाऊन. 22 मार्चच्या रात्रीपासून लोकल बंद. मी तेव्हा कळव्याला मावशीकडे होते, खाडीपुलावरून चालत दुकानात. 24 ला रात्री आठचं भाषण झालं आणि पंधरा मिनिटांत शटरपाशी माणसंच माणसं. दुसऱ्या दिवशी पाडवा, म्हणून श्रीखंडाचा फ्रीज काठोकाठ भरलेला. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघेना. आटा, तेल, साबण, मॅगी. एका माणसाने ट्रॉलीत फक्त मीठ भरलं होतं. का ते त्यालाही सांगता येत नव्हतं. आम्ही शिकाऊ, आम्हाला घरी बसवता आलं असतं. पण कायम स्टाफ वसई-विरारचा, तो पोचूच शकत नव्हता. म्हणून अर्धं दुकान आमच्यावर. मी त्या रात्री पहिल्यांदा एकटीने कॅश बंद केली. हिशोब जुळला! मॅनेजर म्हणाले, "बरं, उद्या साडेसातला ये." बस, एवढंच.

श्रीखंडाची तारीख संपत आली तेव्हा स्टाफला वाटून टाकलं. मावशीने पुरी लाटायला नकार दिला, म्हणून आम्ही पावाला लावून खाल्लं.

तिसरी_शिफ्ट

जून 2020 मध्ये तो बारकोडचा फॉरवर्ड आला होता, आठवतो का? सुरुवातीचे तीन आकडे 690 ते 699 म्हणजे चिनी माल, 890 म्हणजे भारतीय. लोक चष्मा लावून प्रत्येक डबा उलटा करून बघायचे. एका काकांना समजावलं की कंपनीने नंबर कुठल्या देशात घेतला तेवढंच त्यावरून कळतं, माल कुठे बनला ते नाही. तर मलाच, "तू कुठली गं?"

मी म्हटलं जव्हारची. मग गप्प.

साडेतीन_टक्के

हाहाहा. बारकोड बघा म्हणावं माझा.

मधल्या_सुट्टीत

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. मी अशा मुलांच्या कॉलेजात शिकवते, त्यांच्या नोंदवह्या माझ्याकडे येतात. "या आठवड्यात काय शिकलात" या रकान्यात तीसच्या तीस वह्यांत "ग्राहकांशी सुसंवाद". कंटाळून एकदा म्हटलं, सुसंवाद नको, भांडण लिहा. मग कुठे वह्या वाचण्यासारख्या झाल्या. एका मुलाने लिहिलं होतं, एमआरपीपेक्षा जास्त लावलं म्हणून गिऱ्हाईक ओरडत होतं, आणि बरोबर होतं. फळीवरची ऑफरपट्टी काल रात्री काढायची राहिली होती आणि बिलात ऑफर संपली होती. एमआरपी नव्हे, पट्टीचा भाव, पण त्याला काय त्याचं! फरक परत करायचा अधिकार त्या मुलाला नव्हता, ज्याला होता तो जेवायला गेलेला. शिव्या खाल्ल्या मुलाने. त्या पानावर मी फक्त "छान" लिहून सही करणार होते, पेन चालेना. दुकानाला फोन केला, पट्टी काढायचं काम कुणाचं ते विचारायला. अजून उत्तर यायचंय.

दुकानं आम्हाला हवी असतात, कारण पोरांना पाठवायला दुसरी जागा नाही. त्यामुळे आम्हीही एका मर्यादेपुढे बोलत नाही. हे कॉलेजातल्या कुणी वाचलं तर वाचो.

पोह्यांवर_खोबरं

मॅडम, हे आमच्या कॉलेजातलं कुणी तेव्हा बोललं असतं तर...

जाऊ दे. पण वहीचं अगदी खरं. मी "ग्राहकांशी सुसंवाद" लिहायचे त्याच आठवड्यात काकूंकडून धान्यातले पोरकिडे ओळखायला शिकले होते.

बाबा_लेकीचा

सगळ्यांचे आभार. लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणते पप्पा घाबरवू नका, मला कॅशवर बसायचंय. बसायचंय म्हणाली, तेव्हा मीच हसलो. पोर्टलवरची नोंद उद्या कॉलेजात जाऊन बघतो. रात्रीच्या शिफ्टनंतर घरी सोडायची सोय असते का?

तिसरी_शिफ्ट

@बाबा काही ठिकाणी असते, काही ठिकाणी "असते" म्हणतात. मुलींना उशिरापर्यंत थांबवणार असतील तर गाडीचं आधी लेखी घ्या. आम्ही चौघी मिळून रिक्षा ठरवली होती. तीच रिक्षा पुढे माझ्या लग्नाच्या वरातीत होती, पण ते वेगळ्या धाग्यावर.

कोडोलीकर

काढा की मग धागा.

चिंचगूळ

मला एक सांगा, त्या उरलेल्या श्रीखंडाच्या वड्या का नाही केल्या? पावाला लावून खाणं म्हणजे अगदीच. वड्यांना खवा लागतो का पण?

निवृत्त_नायगावकर

खवा नको. आमची ही नुसतं श्रीखंड जाड बुडाच्या कढईत आटवते.

पोह्यांवर_खोबरं

हो, खव्याची गरज नाही. मंद आचेवर हलवत राहायचं, गोळा कडेने सुटला की थोडी पिठीसाखर घालून तूप लावलेल्या ताटात थापायचा. आम्रखंडाच्या जास्त छान होतात. वरून चारोळी. पळते, मुलीची बस आली.