पीककर्ज 31 मार्चच्या आत भरू की माफीची वाट बघू?

कपाशी_चोपडा: राम राम मंडळी. सोसायटीचं पीककर्ज 1 लाख 40 हजार, मुदत 31 मार्च. हातात 90 हजार आहेत, घरात 7 क्विंटल कापूस पडलाय. आजवर कधी थकलो नाही, पण गावात जो तो म्हणतो थांब, माफी येईल. सोनं ठेवणार नाही, आईचं आहे, तेवढं सोडून सांगा.

केळीवाला_रावेर: सोनं ठेव ना भाऊ, तासाभरात पैसे हातात. मी दर मार्चला तेच करतो, नवं-जुनं झालं, म्हणजे जुनं भरून नवं कर्ज उचललं, की सोडवून आणतो. कापूस मात्र विकू नको, मे महिन्यात भाव वाढेल.

धुळे_तालुका: अजिबात भरू नका. 2017 ला थकलेल्यांचं दीड लाखापर्यंत माफ झालं आणि नियमितवाल्याला 25 हजारांपर्यंत. 2019 ला परत थकलेल्यांनाच 2 लाख. आमचे वडील इकडून तिकडून आणून भरत राहिले, काय मिळालं?

माजी_गटसचिव: दादा, पूर्ण सांगा. 2019 च्याच योजनेत नियमितवाल्यांना 50 हजारांपर्यंत प्रोत्साहन होतं, 3 पैकी कोणतीही 2 वर्षं वेळेत भरलेली हवी होती. आदेश निघायला 2022 उजाडलं हे खरं. आता मुद्द्याचं: 3 लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत भरलं तर 7 टक्क्यांतले 3 केंद्र सोडतं, राहिलेलं राज्य सोसतं, त्यात पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आली, तुम्हाला शून्य टक्के. तारीख चुकली की दोन्ही गेलं. आणि 90 भरून 50 ठेवलेत तरी तुम्ही थकबाकीदारच, नवं कर्ज मिळत नाही, मग जूनमध्ये बी-खताला सावकाराचं दार.

नंदुरबारी: वेळेवर फेडून उपयोग काय पण? ट्रॅक्टरचं कर्ज फेडलं, बाकी नसल्याचा नील दाखला घरात आहे, तरी सिबिलला, म्हणजे कर्जाच्या नोंदींत, बाकी दिसते आणि दुसरी बँक उभं करत नाही.

माजी_गटसचिव: लेखी तक्रार टाका. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे रोजचे 100 रुपये भरपाई, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सिबिलचा रिपोर्टपण वर्षातून एकदा फुकट मिळतो, काढून बघत जा सगळ्यांनी.

तापीकाठ: मी ते म्हनस सोनं ठेव न कापूस धर. वर केळीवाल्या भाऊनी बरोबर सांगितलंय.

यावल_शेतकरी: मे महिन्यात भाव वाढतो हे कोणी सांगितलं? ठेवलेला कापूस वाळून वजनात घटतो, पिवळा पडला तर व्यापारी पाडून मागतो. केळीवाल्यांनी कापसाचं सांगू नये.

केळीवाला_रावेर: आमच्याकडेपण 4 एकर कपाशी असते, उगाच बोलू नका.

कपाशी_चोपडा: सगळ्यांचं वाचलं. उद्या गावातच व्यापाऱ्याला कापूस देतोय, क्विंटलला 7 हजार 200 म्हणतोय. तारीख चुकली तर 1 लाख 40 हजारावर 7 टक्क्यांनी वर्षाचे 9 हजार 800 जातील, ते भरून निघायला क्विंटलमागे 1400 ची तेजी पाहिजे, तेवढी मला तरी दिसत नाही. माफी आली तर आली. सचिवसाहेब, भरल्यावर पावती पुरते की दाखलापण मागू?

माजी_गटसचिव: दोन्ही घ्या. आणि 30-31 ला गर्दीत जाऊ नका, आधीच भरा.

केळीवाला_रावेर: 7 हजार 200 ला देऊ नको रे भाऊ, मेपर्यंत थांब.