परिसंवादांच्या संख्येवरून काम कळत नाही

'वर्षभरात किती परिसंवाद झाले' यावरून दिल्लीच्या मनोहर पर्रीकर संरक्षण अभ्यास आणि विश्लेषण संस्थेचं काम मोजावं, हे मत मला पटत नाही. १९६५ साली स्थापन झालेल्या या संस्थेला २०२० मध्ये पर्रीकरांचं नाव मिळालं. निधी संरक्षण मंत्रालयाचा, आणि अध्यक्षही संरक्षणमंत्रीच. त्यामुळे मंत्रालयाला दिलेली टिपणं बाहेर दिसत नाहीत; वार्षिक अहवालात दिसतात ती व्याख्यानं, पाहुणे, प्रकाशनं.

म्हणून अहवाल वाचताना मी आधी विषय-केंद्रांची यादी काढते आणि प्रत्येकापुढे पूर्णवेळ संशोधक किती, ते लिहिते. प्रतिनियुक्तीवर आलेला अधिकारी दोन-तीन वर्षांत परत गेला की विषय अर्धवट राहतो. पुढच्या वर्षीच्या उद्दिष्टांत तोच विषय पुन्हा दिसला, तर बहुधा कारण हेच.

दुसरी अडचण कागदपत्रांची. संरक्षण मंत्रालयाच्या युद्ध-इतिहासाविषयीच्या २०२१ च्या धोरणानुसार युद्ध संपल्यावर दोन वर्षांत समिती आणि त्यापुढील तीन वर्षांत त्या युद्धाचा इतिहास तयार व्हायला हवा. अभिलेख, म्हणजे जपून ठेवलेले मूळ सरकारी कागद, साधारण २५ वर्षांनी खुले. मूळ कागद न मिळाल्यास संशोधक वर्तमानपत्रं आणि आठवणींवर विसंबतात. उद्दिष्टांत अभिलेख मिळवण्याचं कलम असायलाच हवं.