झिंबाब्वेचे चलन नेमके कशामुळे कोसळले?

प्रश्न : झिंबाब्वेतील महागाईचे खापर सर्रास २००० सालच्या, गोऱ्या शेतकऱ्यांच्या जमीनजप्तीवर फोडले जाते. केवळ तेवढ्याने एखाद्या देशाचे चलन मातीमोल होऊ शकते का?

प्रतिसाद १ : जप्तीनंतर तंबाखूची निर्यात घसरली हे खरे, पण १९९७ मध्येच अध्यक्ष रॉबर्ट मुगाबे यांनी माजी स्वातंत्र्यसैनिकांना, तिजोरीत तरतूद नसताना, घसघशीत रकमा मंजूर केल्या होत्या आणि पुढच्याच वर्षी काँगोच्या युद्धात सैन्य उतरवले होते. पुढे तूट भरून काढण्यासाठी झिंबाब्वेची रिझर्व्ह बँक नोटा छापत राहिली आणि जानेवारी २००९ मध्ये, एकावर एक तोललेल्या दगडांचे चित्र असलेली, १०० ट्रिलियन झिंबाब्वे डॉलरची नोट निघाली.

प्रतिसाद २ : राजकारण वगळून हे समजणार नाही. मार्च २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या पहिल्या फेरीत मुगाबेंचे विरोधक मॉर्गन त्स्वांगिराई आघाडीवर होते. समर्थकांवरील हिंसाचारामुळे त्यांना दुसऱ्या फेरीतून माघार घ्यावी लागली.

प्रतिसाद ३ : २००९ मध्ये परकीय चलने स्वीकारल्यावर भाव स्थिरावले. मात्र २०१५ मध्ये जुने चलन रद्द करताना १७५ क्वाड्रिलियन (एक क्वाड्रिलियन म्हणजे हजार ट्रिलियन) झिंबाब्वे डॉलरपर्यंतच्या खात्यांना अवघे ५ अमेरिकी डॉलर मिळाले! २०१७ मध्ये लष्करी हस्तक्षेपानंतर मुगाबेंच्या जागी एमर्सन मनांगाग्वा अध्यक्षपदी आले, तरीही २०२४ मध्ये ‘झिग’ हे आणखी एक चलन आणावेच लागले.