सगळ्याच मोटरांना टाईप टू कशाला?

पॅनेलवाला
एका साखर कारखान्याच्या नव्या एमसीसी पॅनेलचं (मोटरांचे स्टार्टर एकत्र बसवलेल्या कपाटाचं) टेंडर हातात आहे. सल्लागाराने एका ओळीत उरकलंय: सर्व मोटर फीडर (प्रत्येक मोटरची पुरवठा शाखा), टाईप टू कोऑर्डिनेशन, ५० केए (५० हजार अँपिअरचा शॉर्ट). केन कॅरिअर (ऊस गाळपाकडे नेणारा पट्टा) असो नाहीतर केबल ट्रेंचमधलं पाणी उपसणारा पंप, सगळे एकाच मापात. माझ्या मते हा निव्वळ पैशाचा चुराडा आहे.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. आयईसी ६०९४७-४-१ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डप्रमाणे स्टार्टरच्या पुढे शॉर्ट झाला तर टाईप वनमध्ये माणसाला आणि पॅनेलला धोका होता कामा नये, एवढंच बघतात. कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच), रिले (ओव्हरलोड झाला की तो बंद करणारा) गेले तर बदलायचे. टाईप टूमध्ये स्टार्टर पुन्हा वापरण्याजोगा राहायला हवा. कॉन्टॅक्ट हलके चिकटले तर चालतात, पण सहज सुटले पाहिजेत.

आता हिशोब. ट्रान्सफॉर्मर १००० केव्हीए, ४३३ व्होल्ट, इम्पीडन्स ५ टक्के. फुल लोड करंट १३३३ अँपिअर, त्याला ५ टक्क्यांनी भागलं की बसवर (पॅनेलच्या मुख्य पट्टीवर) फॉल्ट साधारण २७ केए. मग ५० कुठून आले? पुढे ५ एचपीच्या पंपाला २.५ चौरस मिमी तांब्याची ५० मीटर केबल धरा. नुसत्या तिच्या रेझिस्टन्समुळे मोटरच्या टर्मिनल बॉक्सपाशी फॉल्ट ७०० अँपिअरच्या आत येतो. तेवढ्यासाठी टाईप टू म्हणून एक-दोन साइज मोठा कॉन्टॅक्टर का घ्यायचा?

रात्रपाळी
५० कुठून आले ते सांगतो. शेजारी दुसरा तेवढाच ट्रान्सफॉर्मर आहे ना? मधला बस कपलर (दोन्ही बस जोडणारा ब्रेकर) कधीतरी कोणीतरी बंद करणार, आणि दोन्ही पॅरलल आले की २७ अधिक २७. शिवाय चालू मोटरा पहिल्या एक-दोन सायकल स्वतःच फॉल्टला करंट पुरवतात, तो वेगळाच. सल्लागाराला शिव्या घालण्याआधी सिंगल लाइन डायग्राम बघा.

आणि ट्रेंचमधला पंप बिनमहत्त्वाचा? पावसाळ्यात तो बंद पडू द्या, मग बघू कोण बिनमहत्त्वाचं ते.

पॅनेलवाला
कपलरला इंटरलॉक आहे, दोन ट्रान्सफॉर्मरचे आणि कपलर अशा तीनपैकी एका वेळी दोनच ब्रेकर लागतात, म्हणजे पॅरलल होतच नाही. ट्रेंचच्या पंपाला एक पंप स्टँडबाय ठेवा, तो खर्च मला पटेल.

मीटर_आणि_मेगर
पॅनेलवाले, ७०० अँपिअर म्हणजे सुरक्षित, हे गृहीतच चुकीचं आहे. ५ एचपीची मोटर साडेसात अँपिअर घेते. तिला ९ अँपिअरचा कॉन्टॅक्टर लावला तर एसी-३ (नेहमीच्या मोटरांचा वापरवर्ग) मध्ये त्याची तोडायची क्षमता रेटेड करंटच्या आठपट, म्हणजे ७२ अँपिअर. फॉल्ट त्याच्या नऊ-दहापट. त्या करंटने कॉन्टॅक्ट एकमेकांपासून ढकलले जातात, मध्ये आर्क होतो, परत टेकले की चिकटतात. त्यातच कंट्रोल व्होल्टेज घसरलं आणि कॉइलने पकड सोडली, तर कॉन्टॅक्टर भर फॉल्टवर उघडतो.

म्हणूनच त्या स्टँडर्डमध्ये ५० केएसारख्या मोठ्या चाचणीबरोबर कमी करंटची चाचणीही आहे: १६ अँपिअरपर्यंतच्या स्टार्टरला १ केए, ६३ पर्यंत ३ केए. केबलच्या टोकाचा फॉल्ट याच पट्ट्यात येतो.

पॅनेलवाला
मान्य, चिकटतील. चिकटले तर नवा कॉन्टॅक्टर टाकू. टाईप वन नेमकं तेवढंच म्हणतं.

रात्रपाळी
रात्री दोनला, गव्हाणीत ऊस पडलेला असताना, स्टोअरची चावी घरी गेलेल्या माणसाकडे. टाका.

जुना_वायरमन
तुम्ही दोघं एमसीसीबी (शॉर्टला तोडणारा ब्रेकर) धरून भांडताय, महागाई तिथेच आहे. एचआरसी फ्यूज (मोठा करंट तोडणारा बंद काडतुशी फ्यूज) लावा. मोठा फॉल्ट तो पहिल्या पीकच्या आतच तोडतो, कॉन्टॅक्टरपर्यंत फार थोडी ऊर्जा पोचते. त्यामुळे कंपनीच्या फ्यूज-कॉन्टॅक्टर जोड्यांच्या टेबलात टाईप टूसाठी बऱ्याचदा लहान कॉन्टॅक्टरवरच भागतं. साध्या एमसीसीबीला तोडायला जास्त वेळ लागतो, म्हणून मागचा कॉन्टॅक्टर फुगवावा लागतो.

पॅनेलवाला
फ्यूज म्हटलं की एक उडणार, मोटर दोन फेजवर घुरघुरत जळणार.

जुना_वायरमन
ही भीती जुन्या रिलेंची. आताच्या चांगल्या थर्मल रिलेत फेज गेल्याचं कळायची सोय असते, सेटिंग तेवढं मोटरच्या नेमप्लेटप्रमाणे ठेवा. हां, उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार बांधणारा महाभाग असेल तर कुठलंच टेबल वाचवणार नाही.

मीटर_आणि_मेगर
तारच कशाला, हातात आला तो फ्यूज टाकला तरी तेच. टाईप टू हा कॉन्टॅक्टरचा गुण नाही. अमुक फ्यूज, अमुक कॉन्टॅक्टर, अमुक रिले अशी तिघांची एकत्र चाचणी झालेली असते. मी पाहिलेल्या एका पॅनेलमध्ये तिन्ही वस्तू तीन कंपन्यांच्या होत्या आणि दारावर झोकात टाईप टूचं स्टिकर.

पॅनेलवाला
माझा मुद्दा इथेच येतो. हंगाम संपेपर्यंत निम्म्या फीडरमध्ये परचेसने आणलेले 'सेम रेटिंग'चे कॉन्टॅक्टर बसलेले असतात. टेंडरात जास्तीचे पैसे मोजून घेतलेलं टाईप टू तेव्हा कुठे असतं?

तरी टेंडरपूर्व बैठकीत दोन भाव मागतो: केन कॅरिअर, बॉयलर फीड, ज्यूस पंप यांना फ्यूजसह टाईप टू, बाकीच्यांना टाईप वन, आणि दुसरा, सगळ्यांना फ्यूजसह टाईप टू.

जुना_वायरमन
मागा. दुसरा भाव पहिल्याच्या फार वर नसेल, बघा. आणि कंपनीच्या कोऑर्डिनेशन टेबलचं पान ड्रॉइंगसोबत मागून घ्या, परचेसच्या टेबलावरही एक प्रत ठेवा.

रात्रपाळी
परचेसवाले ती चहाच्या कपाखाली ठेवतील. स्टोअरच्या बिन कार्डवरच (खणावरच्या साठा नोंदीच्या कार्डवर) लिहा, नाहीतर मी मध्यरात्री पुन्हा इथेच येऊन भांडेन.